ब्रेकमास्तरांचं तिसरं पेडल

गावात गाडी चालवणाऱ्या कुणाच्याही मागे जाऊन हळूच म्हणा, "हात कुठायत?" तो माणूस भाजी निवडत असो नाहीतर बायकोशी भांडत असो, दचकून दोन्ही हात छातीसमोर हवेत धरेल, मधे एखादं न दिसणारं स्टीअरिंग असल्यासारखे. समजावं, की हा ब्रेकमास्तरांकडे शिकलेला आहे.

एकतीस वर्षं मास्तरांनी गावाला गाडी शिकवली. वकील, खाटीक, बँकेचे मॅनेजर, चौकातले हवालदार, सगळे त्यांच्या हाताखालून गेले. फी सगळ्यांना सारखी, अपमान मात्र ज्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणे. बँकेच्या मॅनेजरला ते म्हणाले होते, साहेब, हा गिअर आहे, कर्जाचा अर्ज नाही, जरा पुढे सरकू द्या. खाटकाला म्हणाले, समोरचं बकरं रस्त्यावरचं आहे, दुकानातलं नाही, त्याला जाऊ दे. आणि एक किडकिडीत पोरगा होता, इतका हळू चालवायचा, की मास्तरांनी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं. वर त्याला ऐकवलं, की तुझ्यापुढे चालणारा म्हातारा तीनदा मागे वळून विचारून गेला, काही मदत हवी का म्हणून. तो पोरगा पुढे लायसन्स ऑफिसात इन्स्पेक्टर झाला. पोट सुटलं, मिशी आली, गावातल्या प्रत्येक लायसन्सवर त्याची सही आली, पण मास्तरांच्या तोंडी तो गोगलगायच राहिला.

मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, उन्हाने त्यातला लाल रंग पार गुलाबी झालेला, त्यामुळे 'प्रवेश बंद' ही पाटीसुद्धा लाजत लाजत नाही म्हणतेय असं वाटायचं. एक बाक, एक टेबल, लाथ घातल्याशिवाय न उघडणारा एक ड्रॉवर. खोलीच्या मागे घर. आणि दारात ती पांढरी गाडी.

गाडीची गंमत नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळं रामायण तिथेच आहे. स्टीअरिंग उजवीकडे. तिथे शिकणारा बसणार आणि त्याच्या पायाशी, कुठल्याही गाडीत असतात तशी, तीन पेडलं: क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. डावीकडे मास्तर. त्यांच्या पायाशी दोनच: क्लच आणि ब्रेक. शिकणाऱ्याने घोटाळा केला तर मास्तरांनी गाडी थांबवायची, पळवायची नाही, म्हणून तिसरं पेडल दिलेलंच नव्हतं.

त्यातला क्लचही मास्तरांनी कधी वापरला नाही. तो गंजून गेला होता. शिकणाऱ्याने काही वेडंवाकडं केलं की मास्तर नुसता ब्रेक दाबायचे, तोही कचकन. क्लच नाही म्हटल्यावर गाडी दोन आचके देऊन भर चौकात बंद पडायची. मागे हॉर्नचा कल्लोळ, शिकणाऱ्याचे कान लाल. मास्तर खिडकीतून बाहेर बघत म्हणायचे, "क्लच ही शिकणाऱ्याची अब्रू असते. ती मी कशाला सांभाळू?" त्यांचं नाव ब्रेकमास्तर पडलं ते असं.

आणखी एक नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. गाडी शिकणाऱ्याशिवाय हलायची नाही. पेट्रोल भरायचंय? सातचा विद्यार्थी नेईल. गिरणीतून पीठ आणायचंय? आठची विद्यार्थिनी नेईल, तेवढाच रिव्हर्सचा सराव. मास्तरांच्या घरचं पीठ, भाजी, साबण, सगळं लोकांच्या फीमधून, म्हणजे लोकांच्या पेट्रोलवर यायचं आणि वर 'धडा' म्हणून जमा व्हायचं. या हिशेबीपणाचं त्यांना मोठं कौतुक होतं. मास्तर स्वतः उजव्या सीटवर शेवटचे कधी बसले होते, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नाही. लायसन्स मात्र दर वेळी तारखेच्या आधी नवं करून आणायचे.

त्या मंगळवारी लायसन्स ऑफिसच्या मैदानावर पोस्टातली कारकूनबाई तिसऱ्यांदा परीक्षेला बसली आणि तिसऱ्यांदा चढावर गाडी मागे आली. ती आधीच रडकुंडीला आलेली. त्यात मास्तर इन्स्पेक्टरला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, की पुढच्या वेळी ऑफिसने चढच थोडा सपाट करून ठेवावा. बाईने किल्ली मास्तरांच्या तळहातावर आपटली, समोर आलेल्या बसमध्ये चढली आणि गेली.

मास्तर सवयीने डावीकडे जाऊन बसले. बराच वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की उजवीकडे कुणी येणार नाहीये.

ते उठले, गाडीला वळसा घालून उजवीकडे बसले, आरसा सारखा केला आणि गाडी अगदी पुस्तकात छापल्यासारखी फाटकाबाहेर काढली. फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे फोटोवाल्याची टपरी होती. लायसन्सचे फोटो काढायचे म्हणून त्याने रस्त्याच्या बाजूला एक निळा पडदा टांगला होता, पडद्यासमोर एक स्टूल, स्टुलावर गिऱ्हाईक. त्या वेळी स्टुलावर एक शिवणकाम करणारी बाई बसली होती. शिवलेले गणवेश दुकानोदुकानी पोचवायला स्वतःची गाडी असावी, म्हणून ती लायसन्स काढायला निघाली होती. फोटोवाल्याने तिला बजावलं होतं, हसू नका, हलू नका, पापणी मिटू नका.

तेवढ्यात गटारातून एक कुत्रं रस्त्यावर आलं.

मास्तरांनी एकतीस वर्षं जे केलं तेच केलं. उजवा पाय उचलला आणि पेडल तळापर्यंत दाबलं. गाडीने मात्र उडी घेतली. कुत्रं शेपूट घालून पळालं आणि गाडी निळ्या पडद्यातून आत शिरली. फोटोवाल्याचं बोट दचकून बटणावर पडलं, बाई स्टुलासकट पुढे फेकली गेली आणि टपरीच्या दगडी पायरीवर गाडी अडकून बंद पडली.

तो फोटो पुढे पुराव्यात लागला. पुढे बाई, हनुवटी वर, पापणी न मिटता, सांगितल्याबरहुकूम बसलेली. तिच्या पाठीमागे वीतभर अंतरावर बॉनेट, त्यावर आडवा झालेला पडदा आणि काचेमागे मास्तर. चेहऱ्यावर घाबरल्याचं नावनिशाण नाही. तोंड उघडं. फोटो बघणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याने डोळे झाकून सांगितलं असतं, की मास्तर ओरडतायत, "ब्रेक, ब्रेक!" आणि या खेपेला ते स्वतःलाच ओरडत होते.

बाईचं उजवं मनगट मोडलं. बाकी टपरीची फळी, गाडीचा दिवा आणि मास्तरांची अब्रू.

पंचनामा करायला आलेला हवालदार मास्तरांचाच विद्यार्थी. त्याने आधी त्यांना नळीत फुंकायला लावलं, त्यात काही निघालं नाही याचं त्याला थोडं वाईट वाटलं, आणि मग चवीने लिहून घेतलं, 'भरधाव वेगाने, हयगयीने व बेदरकारपणे वाहन चालवून दुखापत केली.' मास्तरांनी 'भरधाव' या शब्दाला हरकत घेतली, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. हवालदार म्हणाला, मास्तर, मजकूर छापील आहे, तुमच्यासाठी वेगळा कुठून आणू.

मास्तरांचं म्हणणं एकच, की ब्रेक दाबला, लागला नाही, ब्रेक फेल. मेकॅनिक अर्धा तास गाडीखाली उताणा पडून होता. बाहेर येऊन हात पुसत त्याने सांगितलं, की ब्रेकला काही झालेलं नाही, गावात यापेक्षा जास्त घासलेला आणि यापेक्षा चांगला ब्रेक दुसरा नाही.

मग गावाला तोंड फुटलं. एकतीस वर्षांचे अपमान व्याजासकट परत येऊ लागले. खाटकाने दुकानातून हाक मारून विचारलं, की मास्तर, बाई समोर होती, जाऊ का दिलं नाहीत. फोटोवाल्याने तर त्या फोटोची मोठी प्रत काढून नव्या टपरीच्या काचेत नमुना म्हणून लावली.

मास्तरांचा भाचा वकील होता. दोनदा नापास होऊन त्यांच्याकडेच शिकलेला. त्याने गंमत बाजूला ठेवून मामाला समजावलं. बेदरकारपणा शाबित झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लायसन्स तर जाणारच, कदाचित कायमचं. लायसन्स नाही तर शिकवण्याचा परवाना नाही. म्हणजे डावी सीट गेली. मास्तरांनी हिशेब केला. वय अठ्ठावन्न. त्यांना येत काय होतं? डावीकडे बसून ब्रेक दाबणं आणि माणसांचे पाणउतारे करणं. यातल्या दुसऱ्या कामाला जगात कुणी पगार देत नाही.

भाच्याने तोडही काढली होती. मेकॅनिक ब्रेकच्या नळीचा एक सांधा जरा सैल करेल, दोन थेंब तेल गळेल, ब्रेक फेल झाल्याचा दाखला मिळेल. चूक गाडीची, माणूस मोकळा.

"मामा, तुम्ही कोर्टात फक्त गप्प बसायचं. जमेल ना?"

आतून मामी म्हणाल्या, "मग कैद काय वाईट होती?"

या मामी, म्हणजे मास्तरांची बायको, दवाखान्यात नर्स होत्या. लग्नानंतर मास्तरांनी त्यांना एकच दिवस गाडी शिकवली होती. त्या दिवशी चौकात तीनदा गाडी बंद पडल्यावर त्या दार उघडून उतरल्या आणि सहा फर्लांग चालत घरी आल्या. तेव्हापासून मास्तर सगळ्यांना सांगायचे, की सगळ्या जगाला शिकवलं, पण बायकोला नाही जमलं.

शिवणकामवाल्या बाईचं प्लास्टर बांधायला नर्सबाईच होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी ताटं वाढता वाढता बाईचा निरोप सांगितला. "ती म्हणाली, माझा हात दोन महिने गेला, शिव्या तर मी देणारच. फक्त गाडीला देऊ की माणसाला, एवढं कळलं तर बरं."

"गाडीला," मास्तर म्हणाले. पण हातातली पोळी परत ताटात ठेवली.

कोर्टाच्या आधी मास्तरांची वैद्यकीय तपासणी व्हायची होती, माणूस गाडी चालवण्याच्या लायक आहे की नाही ते बघायला. मोठं इस्पितळ पुलापलीकडे. लायसन्स पोलिसांकडे जमा. मास्तर म्हणाले, सातचा विद्यार्थी बोलवू. बायको म्हणाली, विद्यार्थी कुठले, सगळे पळाले. आणि नर्सबाईंनी दाराच्या खिळ्यावरची किल्ली काढली, उजवीकडे जाऊन बसल्या, आरसा खाली केला.

"अगं, पोलीस बघतील."

त्यांनी पर्समधून लायसन्स काढून डॅशबोर्डवर ठेवलं. आठ वर्षांपूर्वीचं. पुलापलीकडच्या स्कूलमधून शिकलेलं. दवाखान्याची लसीची गाडी आठवड्यातून दोनदा बाहेरच्या वस्त्यांवर जायची, ती कोण चालवत होतं असं वाटलं तुम्हाला, असं त्यांनी विचारलं. मास्तरांना वाटलं होतं, की कुणीतरी चालवत असेल. ती नर्सबाईच चालवतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मास्तरांपासून एवढं एक गुपित जपण्यात गावाने आठ वर्षं जी एकी दाखवली, ती एरवी पाण्याच्या टाकीसाठीसुद्धा दाखवली नव्हती.

इस्पितळात डॉक्टरांनी डोळे पाहिले, कान पाहिले, सगळं ठणठणीत. मग गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. हातोडी बसली की माणसाचा पाय वर उडतो. मास्तरांचाही उडाला, पण लगेच खाली जाऊन फरशीवर घट्ट दाबला गेला. डॉक्टरांनी तीनदा मारून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. त्यांनी कागदावर लिहिलं, पाय चपळ आहे, पण कुठे निघालाय ते सांगता येत नाही.

परत येताना पुलाच्या उतारावर एक सायकलवाला आडवा आला. नर्सबाईंनी अजून पाय हलवलाही नव्हता, तोच डावीकडून ब्रेक लागला. गाडी आचके देऊन बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले.

मास्तर मान वळवून म्हणाले, "हे बघ. ब्रेक लागला. सांग तुझ्या त्या भाच्याला."

"भाचा तुमचा," बायको म्हणाली. तिने गाडी सुरू केली नाही. ती त्यांच्या पायाकडे बघत होती. "अहो, पाय तसाच ठेवा. कुठल्या पेडलवर आहे?"

"ब्रेकवर. दुसरं काय असणार?"

"कुठून कितवं?"

मास्तरांनी खाली पाहिलं. दोन पेडलं. गंजलेला क्लच डावीकडे आणि त्यांचा बूट उजवीकडच्यावर. शेवटच्यावर.

ते दार उघडून उतरले, हॉर्न वाजवणाऱ्यांसमोरून गाडीला वळसा घातला, उजवीकडचं दार उघडलं आणि बायकोच्या पायाशी वाकून पेडलं मोजली. एक, दोन, तीन. पुन्हा मोजली. शेवटचं कुठलं, हे त्यांनी हजारो लोकांना पढवलं होतं. एकतीस वर्षं त्यांच्या उजव्या पायाला एकच गोष्ट माहीत होती, की कुत्रं आलं की उजवीकडचं शेवटचं पेडल दाबायचं. पायाने इमानेइतबारे तेच केलं होतं. सीट बदलली, हे पायाला कुणी कळवलंच नव्हतं.

मागच्या ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, की बाई, काही पडलंय का. नर्सबाई म्हणाल्या, "सापडलंय."

भाच्याने कपाळाला हात लावला. मामा, हे कोर्टात सांगितलंत तर तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणताय, की मी गाडी चालवायला नालायक आहे. त्यापेक्षा दोन थेंब तेल बरं नाही का? मास्तर रात्रभर कूस बदलत राहिले. भीती कैदेची होतीच. पण त्या बाईचा प्रश्न कानात बसला होता. आणि दुसरंही एक होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांधा सैल केला असता, तर गावातला सगळ्यांत चांगला ब्रेक बदनाम झाला असता. गाडीने त्यांचं काय वाईट केलं होतं?

न्यायाधीशबाई बदलून आलेल्या, मास्तरांकडे न शिकलेल्या. कोर्टात सायकलवरून यायच्या. त्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि रुमालाने तोंड पुसल्यासारखं केलं. मग विचारलं, गुन्हा कबूल आहे का. भाचा उठतोय तोवर मास्तरच उठले आणि सगळं सांगून टाकलं. दोन पेडलं, तीन पेडलं, पीठ, भाजी, शिकणाऱ्याशिवाय गाडी न हलवण्याचा नियम, सगळं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या भाषणात कुणाचा अपमान नव्हता, एक स्वतःचा सोडून.

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे डावीकडे बसलात तर तुमच्याइतका सुरक्षित माणूस नाही, आणि उजवीकडे बसलात तर तुमच्याइतका धोकादायक नाही. असंच ना?"

"हो, बाईसाहेब."

"कायद्यात सीटप्रमाणे लायसन्स मिळत नाही."

मागच्या बाकावर हात गळ्यात बांधून शिवणकामवाली बाई बसली होती. न्यायाधीशांनी तिला काही म्हणायचंय का विचारलं. ती उठून म्हणाली, की आता कळलं शिव्या कुणाला द्यायच्या, एवढं पुरे. बाकी तुम्ही बघा.

निकाल असा लागला: बेदरकार म्हणता येणार नाही, वेग नव्हता, नशा नव्हती, मस्ती नव्हती, निष्काळजीपणा मात्र शंभर टक्के, कारण वर्षानुवर्षं गाडी न चालवणाऱ्याने लायसन्स खिशात आहे म्हणून रस्त्यावर येणं हाच निष्काळजीपणा. कैद नाही. दंड. बाईची बुडालेली दोन महिन्यांची मजुरी आणि औषधपाणी मास्तरांनी द्यायचं. लायसन्स सहा महिने बंद, त्यानंतर पहिल्यापासून परीक्षा. पास झाले तरच उजवी सीट, आणि उजवी मिळाली तरच डावी.

म्हणजे मास्तरांना आता गाडी शिकायची होती. शिकवणार कोण? सहा महिने सरल्यावर लर्निंग लायसन्स हातात आलं, तेव्हा पांढऱ्या गाडीच्या डाव्या सीटवर नर्सबाई बसल्या, उजवीकडे मास्तर, आणि अख्खी गल्ली आपापल्या दारात. मास्तरांनी किल्ली फिरवली. डावीकडून आवाज आला, "हात कुठायत?"

खरी शाळा मात्र त्याआधीच, ते सहा महिने, घरात भरली होती. जेवणाच्या टेबलाखाली बायकोने तीन विटा मांडून ठेवल्या. मास्तर जेवायला बसले, की दोन्ही पाय विटांवर. जेवता जेवता मधेच ती म्हणायची, "कुत्रं." मास्तरांचा पाय मधल्या विटेवर गेला तर पुढची पोळी, शेवटच्या विटेवर गेला तर नुसतं पाणी. पहिल्या पंधरवड्यात मास्तर दोन किलो उतरले. मग कुत्रं कुठेही येऊ लागलं. दाढी करताना कुत्रं. बातम्या ऐकताना कुत्रं. एकदा शेजारी कुणी वारलं म्हणून दोघं भेटायला गेले, सगळे माना खाली घालून बसलेले, आणि बायको कानाशी अगदी हळू म्हणाली, "कुत्रं." मास्तरांचा पाय सतरंजीवर बरोबर मधे पडला. शेजाऱ्यांना वाटलं, दुःख अनावर झालंय.

पहिल्या परीक्षेत मास्तर नापास झाले. पेडलाचा काही दोष नव्हता. शेजारी परीक्षा घ्यायला खुद्द गोगलगाय बसलेली, आणि मास्तर सवयीप्रमाणे त्यालाच सूचना देत राहिले, की पट्टा नीट लाव, कोपर आत घे, आरशात काय स्वतःची मिशी बघतोस. इन्स्पेक्टरने मैदानावरच गाडी थांबवायला लावली आणि फॉर्मवर लिहिलं, उमेदवार रस्त्याकडे लक्ष देत नाही. बाहेर बस थांब्यावर पोस्टातली कारकूनबाई उभी होती. आता तिच्याकडे लायसन्स होतं. तिने चढाकडे बघून नुसती मान हलवली. मास्तरांनी ते मुकाट्याने घेतलं.

महिन्याने दुसरी खेप. मास्तरांनी तोंडात लवंग धरली होती, म्हणजे बोलायचा मोह नको. चढ झाला, रिव्हर्स झालं, वळणं झाली. परीक्षेत अचानक ब्रेक लावायला लावतात, तेव्हा इन्स्पेक्टर हातातली फाईल डॅशबोर्डवर आपटतो. फाईल उचलली की पाय तयार ठेव, हे मास्तर स्वतःच वर्षानुवर्षं पोरांना फोडून सांगत आले होते. इन्स्पेक्टरलाही ते ठाऊक. त्याने फाईल मांडीखाली ठेवून दिली आणि म्हणाला, "फाटकाबाहेर घ्या, मास्तर."

समोर तीच टपरी, नवा पडदा, काचेत तो फोटो. फोटोवाला एका म्हाताऱ्याचा फोटो काढत होता. त्याने फाटकातून पांढरी गाडी येताना पाहिली, काचेमागचा चेहरा ओळखला आणि त्याची पाचावर धारण बसली. म्हाताऱ्याला त्याने हाताला धरून उठवलं, दुसऱ्या काखेत स्टूल मारलं आणि जीव वाचवायला धावला. कुठे, तर घाबरून सरळ रस्त्यावर, गाडीसमोर.

मास्तरांचा पाय उचलला गेला. त्या पायाला दोन मालक होते: एक एकतीस वर्षांचा, दुसरा आठ महिन्यांचा, पोळ्यांवर वाढलेला. पाय क्षणभरच हवेत थांबला आणि मधे उतरला. गाडी स्टुलाच्या पायापासून हातभर अंतरावर थांबली. मग दोन आचके दिले आणि बंद पडली.

फोटोवाला स्टूल छातीशी धरून तसाच उभा. म्हाताऱ्याने विचारलं, झाला का फोटो.

मास्तरांनी लवंग चावून टाकली. "क्लच विसरलो," ते म्हणाले. "नापास कर."

इन्स्पेक्टर फॉर्मवर लिहीत होता. हळूहळू, एकेक अक्षर, पूर्वी गाडी चालवायचा तसं. "मास्तर, परीक्षा मी घेतोय."

"एकविसाव्या वर्षी तुझी गाडी मी भर चौकात सात वेळा बंद पाडली होती. विसरलास?"

"नऊ वेळा," इन्स्पेक्टर म्हणाला. "क्लचचे दोन मार्क कापलेत. थांबल्याचे सगळे दिलेत. सही करा. आणि गाडी सुरू करा, मागे लोक हॉर्न वाजवतायत, माझे कान लाल झालेत."

लायसन्स आलं. मागोमाग शिकवण्याचा परवानाही आला. त्याच आठवड्यात मास्तर गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले, स्वतः चालवत. गिरणी, पेट्रोल, पीठ, आता सगळ्यासाठी ते स्वतःच गाडी चालवत जातात. पहिली शिकवणी सुरू व्हायच्या आधी रोज पुलापर्यंत एक फेरी, एकट्याने. मेकॅनिकला त्यांनी विचित्र काम सांगितलं. डावीकडे, ब्रेकच्या उजव्या बाजूला, आणखी एक पेडल बसव. मेकॅनिक म्हणाला, ते कशाला जोडायचं? मास्तर म्हणाले, कशालाच नाही.

शिवणकामवाल्या बाईचं प्लास्टर कधीच निघालं होतं; परवाना आल्याचं कळताच ती स्कूलच्या दारात येऊन उभी राहिली. हातात लायसन्सचा अर्ज, अर्जावर कुठला फोटो, तर तोच, पुढची बाई तेवढी कापून घेतलेली. म्हणाली, दुसरा फोटो काढायला मला वेळ नाही आणि दुसऱ्या मास्तराला द्यायला माझ्याकडे फी नाही, तेव्हा आता तुम्हीच शिकवा. मास्तरांनी ड्रॉवरला लाथ घातली आणि तिचं नाव वहीत लिहिलं, फीचा रकाना कोरा ठेवून.

गाडीत बसल्यावर तिने आधी डावीकडे खाली वाकून पाहिलं. कोर्टात ऐकलेलं तिच्या पक्कं ध्यानात होतं. "तुमच्याकडे दोनच होती म्हणालात. हे तिसरं कशाला?"

"ते दाबलं तर काहीच होत नाही," मास्तर म्हणाले.

"मग?"

"मग माझ्या लक्षात येतं, की ब्रेक त्याच्या शेजारी आहे."

बाईने थोडा विचार केला. मग तिने उजवं मनगट दोनदा गोल फिरवून पाहिलं, अजून थोडं दुखत होतं, आणि स्टीअरिंग धरलं. मास्तरांनी तिच्या हातांकडे पाहिलं. जागा साफ चुकीच्या होत्या. त्यांच्या जिभेवर एक फार सुरेख वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच डावीकडच्या गंजलेल्या क्लचवर डावा पाय ठेवला.

"चला," ते म्हणाले. "सावकाश. बंद पडली तर माझी जबाबदारी."